मुद्देमाल म्हणून ठेवून घेतलेली माणसं : बेंजामिन बटलर

कोरांटी (धागाकर्ती)

२३ मे १८६१ची रात्र. अमेरिकेत गुलामगिरीवरून उत्तर विरुद्ध फुटून निघालेली दक्षिण असं यादवी युद्ध नुकतंच पेटलं होतं. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर सीवेल्स पॉइंट नावाच्या टोकाला बंडखोर दक्षिणेसाठी तोफांचा मोर्चा बांधायचं काम चालू होतं. राबत होते गुलाम. त्यांतल्या तिघांना कळलं की मालक आता आपल्याला बायकामुलांपासून लांब, नॉर्थ कॅरोलायनात, अशाच कामावर धाडणार आहे. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाऊनसेंड अशी त्यांची नावं. तिघांनी एक होडी मिळवली, अंधारात पाणी ओलांडलं आणि समोरच्या फोर्ट मन्रो किल्ल्याच्या पहारेकऱ्यांपुढे जाऊन उभे राहिले.

व्हर्जिनिया फुटून निघाली तरी हा किल्ला केंद्र सरकारच्या हातात राहिला होता. तिथला सेनाधिकारी आदल्याच दिवशी रुजू झालेला : मेजर जनरल बेंजामिन फ्रँकलिन बटलर. पेशा वकिली. लष्करी महाविद्यालयाचं तोंड न पाहिलेला, मिलिशियातून, म्हणजे राज्याच्या हंगामी नागरी फौजेतून, वर आलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन दक्षिणेचा मेजर कॅरी आला. मालक होता कर्नल चार्ल्स मॅलरी, त्याच्या वतीने आमची माणसं परत द्या, अशी मागणी. आधार १८५०चा पळपुट्या गुलामांचा कायदा. हा कायदा तेव्हा देशात लागू होता. राष्ट्राध्यक्ष लिंकन गुलामगिरीला हात लावणार नाही असं सांगत होते, आणि काही ठिकाणी उत्तरेचे अधिकारी अशा माणसांना मालकाकडे परत पाठवतही होते.

बटलरने दिलेलं उत्तर मला त्या युद्धातल्या कित्येक लढायांपेक्षा मोठं वाटतं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा. तुम्ही म्हणता व्हर्जिनिया आता वेगळा देश आहे. ठीक, तुमचा शब्द मी खरा धरतो. मग अमेरिकेचा कायदा परक्या देशाला लागू होत नाही. दुसरं, गुलाम ही मालमत्ता आहे हा तुमचाच दावा आहे. ही मालमत्ता तुम्ही माझ्याविरुद्ध तोफा रोखण्यासाठी वापरत होता. शत्रूचा युद्धोपयोगी माल हाती लागला तर तो जप्त करणं हा माझा हक्क. मॅलरीसाहेबांना हवे असतील तर त्यांनी इथे येऊन अमेरिकेशी एकनिष्ठ राहायची शपथ घ्यावी, माणसं घेऊन जावीत.

मॅलरी काही आला नाही.

या जप्तीच्या मालासाठीचा शब्द होता ‘कॉन्ट्राबँड’. तो वणव्यासारखा पसरला. काही दिवसांत किल्ल्यावर माणसं येऊ लागली. आधी आठ, मग पन्नासच्या घरात, मग पोराबाळांसकट कुटुंबंच्या कुटुंबं. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या सरकारला यावर भूमिका घ्यावी लागली. ६ ऑगस्ट १८६१ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पहिला जप्ती कायदा केला, म्हणजे बटलरच्या तोंडी युक्तिवादाला कायद्याचं रूप आलं. लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा अजून सतरा महिने दूर होता.

आता माणसाबद्दल. जन्म ५ नोव्हेंबर १८१८, न्यू हॅम्पशायरमधल्या डीअरफील्डचा. बाप जहाजावरचा कप्तान, वेस्ट इंडीजमध्ये पिवळ्या तापाने गेला तेव्हा हा तान्हा होता. आई पुढे मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल गावी आली आणि कापड गिरणीत काम करणाऱ्या मुलींसाठी खाणावळीसह वसतिगृह चालवू लागली. पोरगा त्या पंगतीत वाढला. एक डोळा तिरळा, पापणी ओघळलेली, त्यावरून आयुष्यभर व्यंगचित्रं निघाली. वेस्ट पॉइंटच्या लष्करी महाविद्यालयात जायचं होतं, प्रवेश मिळाला नाही. १८४०मध्ये सनद घेतली आणि लोवेलमध्येच वकिली थाटली. गिरणीतला कामाचा दिवस दहा तासांवर आणावा या चळवळीत तो गिरणीमालकांविरुद्ध उभा राहिला. खाणावळीतल्या त्या थकलेल्या मुली त्याने रोज पाहिल्या होत्या.

धागा काढण्याचं कारण सांगते. मराठीत अमेरिकन यादवी युद्ध म्हटलं की लिंकन, उत्तरेचा सेनापती ग्रँट, दक्षिणेचा सेनापती ली इथे आपण थांबतो. बटलरसारखा अर्धा भला, अर्धा बुरा माणूस राहून जातो. त्याच्यावर तुमची मतं ऐकायची आहेत. विरोधी असतील तर जास्तच.

---

तालुका_कोर्ट

उत्तम विषय. आमच्या कोर्टात रोज कानावर पडणारा शब्द आहे ‘मुद्देमाल’. गुन्ह्यात वापरलेली वस्तू जप्त होते, तिचा पंचनामा होतो. बटलरने माणसांना या रकान्यात बसवलं. कायद्याच्या अंगाने हा युक्तिवाद लंगडाच आहे. ‘कॉन्ट्राबँड’ ही संज्ञा मुळात तटस्थ देशाच्या जहाजातून शत्रूकडे जाणाऱ्या निषिद्ध मालाची. जमिनीवर, शत्रूच्या कामावरून स्वतः पळून आलेल्या माणसांना ती लावणं म्हणजे ओढूनताणून बसवणं. बटलरला हे पुरतं ठाऊक होतं. उतारवयात त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की वकील म्हणून मला या युक्तिवादाचा फारसा अभिमान नव्हता, पण कर्तव्य पार पाडायचं साधन म्हणून त्याचा मोठा आधार वाटला.

वकिलाच्या नजरेतून मला भावतं ते वेगळंच. प्रतिपक्षाचं म्हणणं नाकारायचं नाही, पूर्ण मान्य करायचं. आणि मग ते त्याच्याच गळ्यात घालायचं. ‘गुलाम मालमत्ता नाहीत’ असं बटलर त्या दिवशी म्हणाला असता तर त्याच्या मागे ना कायदा होता, ना सरकार. ‘मालमत्ता आहेत’ म्हटल्यामुळे मेजर कॅरीकडे बोलायला काही उरलं नाही.

---

हातमाग

लेख आवडला, पण मनात खूप काही खुपतंय. स्पष्ट लिहितो.

एक : हाच बटलर १८६०मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या चार्ल्सटन अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जेफरसन डेव्हिसला पन्नासहून अधिक फेऱ्यांत मत देत राहिला. म्हणजे पुढे जो बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झाला, त्याला.

दोन : किल्ल्यावर यायच्या जेमतेम महिनाभर आधी, एप्रिल १८६१मध्ये, तो मेरीलँडमध्ये अनॅपोलिसला होता. तिथे गुलामांचा उठाव होणार अशी आवई उठली, तर याने गव्हर्नर हिक्स यांना आपण होऊन कळवलं की उठाव मोडायला माझे सैनिक देतो. त्याच्याच राज्याचे गव्हर्नर अँड्र्यू यावर नाराज झाले होते.

तीन : १८६२मध्ये तो दक्षिणेकडून जिंकलेल्या न्यू ऑर्लीन्स शहराचा लष्करी प्रमुख होता, तेव्हा तिथे जवळच त्याच्या हाताखालचे जनरल फेल्प्स पळून आलेल्या काळ्या माणसांची पलटण उभारत होते. बटलरने त्यांना सांगितलं की या माणसांना झाडं तोडायला लावा. फेल्प्सनी राजीनामा दिला.

अशा माणसाला मुक्तिदाता ठरवायचं? आणि माणसाला ‘माल’ म्हणणं, भले डावपेच म्हणून असेल, मला गिळवत नाही. तो शब्द त्या लोकांना पुढे कायम चिकटला. वर्तमानपत्रं, सैनिक, सगळे त्यांना ‘कॉन्ट्राबँड’च म्हणत राहिले.

---

कोरांटी

हातमाग, तिन्ही मुद्दे खरे आहेत. मी ते धाग्यात घालायला हवे होते.

मुक्तिदाता असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. त्या रात्री पहिली हालचाल कोणी केली? होडीतल्या तिघांनी. परत पाठवले गेले असते तर पाठीची सालटी निघाली असती, किंवा दूर दक्षिणेत विकले गेले असते. हे माहीत असताना ते आले. बटलरपुढे प्रश्न त्यांनी उभा केला. तो टाळता येण्यासारखा नव्हता. एप्रिलमधला बटलर आणि मेमधला बटलर यांच्यामध्ये हे तिघं उभे आहेत, असं मी वाचते.

फेल्प्सबद्दलही पुढचा भाग सांगायला हवा. त्यानंतर काही आठवड्यांतच बटलरने न्यू ऑर्लीन्समधल्या स्वतंत्र काळ्या नागरिकांना सैन्यात घ्यायला सुरुवात केली. २७ सप्टेंबर १८६२ला लुइझियाना नेटिव्ह गार्डची पहिली पलटण रीतसर दाखल झाली, तिच्यात काळे अधिकारीही होते. आधी नाही म्हणायचं आणि मग परिस्थितीने शिकवलं की हो म्हणायचं, अशी त्याची चाल. मला असा बदलणारा माणूस पहिल्यापासून शुद्ध असलेल्या माणसापेक्षा जास्त विचार करायला लावतो.

---

दिवेलागण

न्यू ऑर्लीन्सचा विषय निघालाच आहे तर हुकूम क्रमांक २८ वर बोलूया. १५ मे १८६२. शहर हरलं होतं, पण तिथल्या बायका उत्तरेच्या सैनिकांवर थुंकत, त्यांना पाहून रस्ता बदलत, गच्चीतून घाण ओतत. बटलरने फतवा काढला : यापुढे जी स्त्री सैनिकाचा अपमान करेल तिला धंदा करणारी बाजारबसवी समजून वागवलं जाईल. इंग्लंडच्या पार्लमेंटात पंतप्रधान पामर्स्टननी निषेध केला. दक्षिणेने त्याला ‘बीस्ट’, म्हणजे पशू, हे नाव दिलं ते कायमचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेफरसन डेव्हिसने जाहीर केलं की हा हाती लागला तर फाशी द्या.

समर्थक सांगतात की एकाही बाईला प्रत्यक्ष हात लागला नाही आणि अपमान थांबले. असेल. तरी बाईला गप्प करायला तिच्या चारित्र्याची धमकी द्यायची हे हत्यार मला ओळखीचं आहे. गल्लीत, ऑफिसात, निवडणुकीत, सगळीकडे पाहिलंय. गुलामीच्या प्रश्नावर त्या बायका चुकीच्या बाजूला होत्या हे मान्य करूनही मी या हुकमाला सूट देणार नाही.

---

कोरांटी

सूट देऊ नयेच. त्याच शहरात टांकसाळीवरचा अमेरिकेचा झेंडा उतरवून फाडल्याबद्दल त्याने विल्यम ममफोर्डला ७ जूनला जाहीर फाशी दिली. झेंडा फाडला गेला तेव्हा शहर रीतसर ताब्यातही आलं नव्हतं. पुढे याच ममफोर्डची विधवा अडचणीत सापडली तेव्हा बटलरने तिला वॉशिंग्टनमध्ये नोकरी मिळवून दिली.

आणि शहराची सफाई. न्यू ऑर्लीन्समध्ये उन्हाळा आला की पिवळा ताप यायचा. दक्षिणेच्या लोकांची आशाच होती की ताप उत्तरेच्या सैन्याला संपवेल. बटलरने बाहेरून येणारी जहाजं विलगीकरणात ठेवली, बेकारांना मजुरी देऊन गटारं, बाजार, रस्ते धुऊन काढले. खर्च काढला तो बंडाला पैसा पुरवलेल्या धनिकांवर पट्टी बसवून. त्या वर्षी साथ पसरली नाही. डास हे कारण तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, पण साचलेलं पाणी हटलं आणि जहाजं अडली. ज्याचा बाप त्या तापाने गेला त्याने हे मनावर घेतलं असेल असं मला वाटून जातं.

---

रानजाई

वाचतेय. ‘स्पून्स’ या टोपणनावाची गोष्ट काय?

---

हातमाग

@रानजाई, न्यू ऑर्लीन्समधल्या घरांतून त्याने चांदीचे चमचे लांबवले असा आरोप, त्यावरून ते नाव. चमच्यांचं सिद्ध काही झालं नाही. भावाचं प्रकरण मात्र गंभीर. अँड्र्यू बटलर त्या काळात तिथे व्यापार करून गबर झाला. भाऊ शहराचा लष्करी प्रमुख असताना. हा डाग मला चमच्यांपेक्षा मोठा वाटतो.

---

सरकी

मी वऱ्हाडातला, त्यामुळे न्यू ऑर्लीन्स वाचलं की कान टवकारतात. ते दक्षिणेच्या कापसाचं सर्वांत मोठं बंदर. उत्तरेच्या आरमाराने नाकेबंदी केली, मग एप्रिल १८६२मध्ये फॅरागटच्या गलबतांनी शहर गाठलं आणि १ मेपासून बटलर तिथे बसला. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा इंग्रजांची नजर वळली मुंबईकडे. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि कंपन्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या, प्रेमचंद रायचंद यांचं नाव घरोघरी झालं, बॅक बेमध्ये भराव घालायच्या कंपनीच्या शेअरवर लोकांनी घरदार लावलं. एप्रिल १८६५मध्ये लीने शरणागती पत्करली आणि भाव कोसळले. त्या उन्हाळ्यात मुंबईची दिवाळी दिवाळ्यात बदलली.

आपल्याकडे हा सगळा इतिहास ‘कापसाची तेजी’ या दोन शब्दांत सांगतात. त्या तेजीच्या दुसऱ्या टोकाला कापूस वेचणारे हात होते आणि ते कामावरून उठून किल्ल्याकडे निघाले होते, हे मी आज पहिल्यांदा एकत्र वाचतोय. शिवाय लोवेलच्या गिरण्याही त्याच कापसावर चालायच्या. म्हणजे बटलरच्या आईच्या खाणावळीतल्या मुली विणत होत्या तो धागा गुलामांनी वेचलेला.

---

तालुका_कोर्ट

सरकी, फार नेमकं.

धाग्यात राजकारणी बटलर राहिलाय. युद्धानंतर तो रिपब्लिकन झाला, तोही जहाल गटातला, आणि १८६७पासून काँग्रेसमध्ये. १८६८मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवरच्या महाभियोगात फिर्यादी बाजू मांडणाऱ्यांत तो पुढे होता, सुरुवातीचं भाषण त्याचं. एका मताने जॉन्सन सुटला. बटलरने तो खटला एखाद्या फौजदारी केससारखा लढवला असं म्हणतात, आणि ते मला पटतं. सेनेटरांना पटवायला साक्षीदारांच्या उलटतपासणीपलीकडचं काही लागतं.

काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या टोळीविरुद्धचा १८७१चा कायदा आणि १८७५चा नागरी हक्क कायदा, दोन्हींमागे त्याची मेहनत होती. दुसरा कायदा हॉटेल, नाट्यगृह, आगगाडी यांत वर्णभेदाला बंदी करणारा. सर्वोच्च न्यायालयाने १८८३मध्ये तो रद्दबातल केला. तशी तरतूद देशाला पुन्हा मिळाली १९६४मध्ये.

---

हातमाग

सेनापती म्हणून तर सपशेल अपयश. १० जून १८६१ला बिग बेथेलला हार. १८६४मध्ये बर्म्युडा हंड्रेडला सगळी फौज नदीच्या वळणात अडकवून घेतली, ग्रँटच्या शब्दांत बाटलीला घट्ट बूच बसावं तशी. डिसेंबरमध्ये फोर्ट फिशरला दारूने भरलेलं जहाज उडवून किल्ला पाडायचा घाट घातला, भिंतीचा टवकाही उडाला नाही. जानेवारीत त्याला घरी पाठवलं आणि दुसऱ्या सेनापतीने आठवडाभरात तोच किल्ला घेतला.

---

कोरांटी

मान्य, रणांगण त्याचं नव्हतंच. पण त्याच १८६४मधली एक तारीख यादीत हवी : २९ सप्टेंबर, न्यू मार्केट हाइट्स. काळे सैनिक लढू शकणार नाहीत असं सैन्यातले कितीतरी अधिकारी उघड बोलत. बटलरने दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या वाटेवरच्या त्या टेकाडावर काळ्या पलटणींना पाठवलं. अडथळ्यांच्या रांगांमधून, समोरून गोळ्या येत असताना ते चढले आणि मोर्चा घेतला. माणसं फार गेली. त्या लढाईसाठी चौदा काळ्या सैनिकांना मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. बटलरने स्वतःच्या खर्चाने आणखी एक चांदीचं पदक घडवून त्यांना वाटलं.

१८८२मध्ये तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. जॉर्ज रफिन यांना न्यायाधीश नेमलं, त्या राज्यातले ते पहिले काळे न्यायाधीश. अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन यांना स्त्रियांच्या तुरुंगाचं प्रमुखपद दिलं. गव्हर्नरला मानद पदवी द्यायची हार्वर्डची प्रथा होती, ती याच्या वेळी मोडली. १८८४मध्ये मजूर आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या बाजूने राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, पावणेदोन लाखांच्या आसपास मतं पडली. ११ जानेवारी १८९३ला वॉशिंग्टनमध्ये गेला, माती लोवेललाच मिळाली.

---

रानजाई

जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मोकळं केलं त्यांना. ती अर्पणपत्रिका मला जवळपास पाठ आहे. आज वाटलं, त्या ओळीत होडीतले फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाऊनसेंड ही तीन नावंही मनातल्या मनात वाचावीत.

---

चेसापीककाठ

मी फोर्ट मन्रोपासून गाडीने अर्ध्या तासावर राहते. पाहुणे आले की त्यांना दाखवायला नेते, म्हणून चार ओळी.

दगडी तट, भोवती पाण्याने भरलेला खंदक. आपल्या जंजिऱ्याची आठवण येते, पण हा बसका आणि रुंद. आत तटाखालच्या कमानींमध्ये संग्रहालय आहे आणि तिथेच ती खोली, जिच्यात युद्धानंतर जेफरसन डेव्हिसला कैदेत ठेवलं होतं. ज्याला बटलरने पन्नास वेळा मत दिलं आणि ज्याने बटलरला फाशी द्यायला सांगितलं, तो त्याच किल्ल्यात कैदी. हीच ती भूमी, पॉइंट कम्फर्ट, जिथे १६१९मध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी गुलाम उतरवले गेले. २०११मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. तटावर चढलं की पाण्यापलीकडे सीवेल्स पॉइंट दिसतो, आता तिथे नौदलाचा अवाढव्य तळ आहे. रात्री मधलं पाणी काळंभोर असतं आणि वारा असला की चांगलंच उसळतं. वल्ह्याच्या होडीने ते ओलांडायचं या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा येतो.

---

हातमाग

चेसापीककाठ, धन्यवाद. माझं मत फार बदललेलं नाही, पण एक विचारतो. किल्ल्यावर आलेल्या त्या माणसांचं पुढे काय झालं? मोर्चे बांधून घेतले, मजुरी वेळेवर दिली नाही, असं वाचलंय.

---

कोरांटी

मजुरीबद्दलची तक्रार खरी आहे. सैन्याने राबवून घेतलं आणि पैसे थकवले, कित्येकांना मिळालेच नाहीत. तंबू अपुरे, आजार फार.

३० जुलै १८६१ला बटलरने युद्धमंत्री कॅमेरॉन यांना लिहिलेल्या पत्रात त्याने मोजदाद दिली आहे. एकूण ९००. धडधाकट पुरुष ३००. कष्टाच्या पलीकडे गेलेले म्हातारे ३०. बायका १७५. दहा वर्षांखालची मुलं २२५. दहा ते अठरा वयाची १७०. आणि मग तो विचारतो : या सगळ्यांचं मी काय करू? बायका आणि पोरं काही तोफा बांधत नव्हती, त्यांना युद्धोपयोगी माल कसं म्हणू? ही माणसं मालमत्ता आहेत का? मालकाने टाकून दिलेली मालमत्ता असेल, तर आम्ही वाचवणारे मालक होणार का? आम्हाला तर अशी मालकी नको आणि आम्ही ती घेणारही नाही. मग ते माणसाच्या मूळ स्थितीला, म्हणजे स्वातंत्र्याला, परत आलेले नाहीत का?

मे महिन्यातला युक्तिवाद जुलैत त्याने स्वतःच असा उसवला.

---

चेसापीककाठ

त्या मुलांचं मी सांगते, कारण ती जागा माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे.

ऑगस्ट १८६१मध्ये दक्षिणेच्याच सैन्याने हॅम्प्टन गाव जाळलं. किल्ल्याकडे पळून आलेल्या लोकांनी त्या जळक्या चुलवणांभोवती, उरलेल्या विटा आणि फळ्या जमवून वस्ती उभारली. मेरी पीक नावाची एक स्वतंत्र काळी शिक्षिका तिथे होती. व्हर्जिनियात काळ्यांना शिकवायला कायद्याने बंदी असतानाही तिने चोरून शिकवलं होतं. सप्टेंबरपासून ती उघड्यावर, एका ओक वृक्षाखाली, या मुलांना अक्षरं शिकवू लागली. दिवसा मुलं, रात्री मोठी माणसं. क्षयाने खंगली होती, तरी वर्ग सोडले नाहीत. फेब्रुवारी १८६२मध्ये ती गेली. १८६३मध्ये त्याच झाडाखाली लोकांना मुक्तीचा जाहीरनामा वाचून दाखवला गेला, आणि त्या वर्षी बटलरने झाडाजवळच सरकारी पैशातून शाळा बांधून घेतली. तिचं नाव बटलर स्कूल.

शाळेची ती इमारत आता नाही. तो ओक हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात अजून आहे. फांद्या इतक्या आडव्या पसरल्यात की खाली शंभरेक मुलं सहज बसतील.